कार्तवीर्य घोड्यावर कसा बसला: गेममधल्या पात्राला आपलं मॉडेल जोडताना

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती नावाचं जैन मंदिर आहे. आत गेल्यावर मान वर केली की छताला दगडाचं एक मोठं कमळ दिसतं. त्याला 72 पाकळ्या आहेत, मागच्या, चालू आणि पुढच्या काळातल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बीचिराज यानं ही बस्ती 1204 साली उभी केली. माझा भाचा शाळेच्या सहलीत ते कमळ बघून आला आणि त्याच संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "मामा, मेडिव्हल टूमध्ये 1080 पासून 1530 पर्यंतची वर्षं हायत. मग त्यात आपलं बेळगाव कसं न्हाई?"

प्रश्न रास्त होता. 'मेडिव्हल टू: टोटल वॉर' हा क्रिएटिव्ह असेंब्लीचा 2006 सालचा गेम. त्याचा नकाशा युरोप, उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया आणि फार तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जातो. देवगिरीचे यादव नाहीत, रट्ट नाहीत, हलशीचे कदंब नाहीत. पण या गेमची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो सोळा-सतरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो आणि त्याच्या कितीतरी फाइली साध्या नोटपॅडमध्ये उघडतात. म्हणजे ज्याच्याकडे महागडं मशीन नाही, अशा खानापूर तालुक्यातल्या पोरालाही त्यात आपला राजा उभा करता येतो.

नकाशा बनवणं हा मोठा वेगळा खटाटोप आहे, त्यात इथं शिरत नाही. हा लेख एकाच कामाबद्दल आहे: गेममधल्या एका ठरावीक पात्राला आपण बनवलेलं शरीर कसं जोडायचं. सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती इथंच. मॉडेल सुंदर बनवतात, गेम सुरू करतात आणि तो मुख्य पडदा यायच्या आधीच बंद पडतो. मग वैतागून सोडून देतात. एवढी मेहनत अशी वाया गेलेली बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पात्र वेगळं, मॉडेल वेगळं

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. मंडळाच्या वहीत भूमिकांची यादी असते: बाजीप्रभू, सिद्दी जौहर, शिवा काशीद. ही झाली पात्रं. बाजीप्रभूचं वय किती, तो कुणाच्या बाजूचा, ट्रॅक्टरवर कुठं उभा राहणार, हे सगळं वहीत ठरलेलं असतं. त्या भूमिकेत कोण उभं राहणार, त्याचा अंगरखा कुठला, तलवार कुठली, हे वेगळं ठरतं. यंदाचा बाजीप्रभू पुढच्या वर्षी बदलतो, पण वहीतली भूमिका तीच राहते.

गेममध्येही असंच आहे. कार्तवीर्य हे पात्र म्हणजे एका यादीतली एक ओळ आहे, त्यात शरीर नाही. शरीर दुसऱ्या फाइलीत आहे आणि दोघांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे नाव.

आणखी एक. या गेममध्ये प्रत्येक सरदाराला तीन रूपं लागतात. मोठ्या नकाशावर पाळीपाळीनं चाली चालतात, तिथं एक छोटी मूर्ती उभी असते. लढाई सुरू झाली की तोच सरदार रणांगणात पूर्ण आकारात, घोड्यावर दिसतो. आणि खालच्या पट्टीत त्याचं चित्र दिसतं. हे तिन्ही वेगवेगळ्या फाइलींतून येतात आणि एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. भाच्यानं पहिल्यांदा फक्त चित्र बदललं होतं आणि लढाईत आपला राजा इटलीतल्या सरदाराच्या वेशात बघून त्याचं तोंड उतरलं.

शरीर कशाचं बनतं

मॉडेलचे तीन थर असतात. पहिला मेश: छोट्या-छोट्या त्रिकोणांची जाळी, जिच्यातून अंगाचा आकार बनतो. दुसरा टेक्स्चर, म्हणजे त्या जाळीवर चढवलेलं चित्र. तिसरा सांगाडा, म्हणजे आतली हाडं. गेम हाडं हलवतो आणि हाडांच्या मागून जाळी हलते.

टेक्स्चर समजायला शिंप्याकडं बघावं. शिंपी अंगाच्या आकाराचे तुकडे कापडावर सपाट आखतो, बाही एकीकडे, पाठ दुसरीकडे, कळी तिसरीकडे, आणि मग शिवून त्याचं अंगावर बसणारं कापड करतो. आपण हेच उलट दिशेनं करतो. उभ्या शरीराचे शिवण उसवून त्याचे तुकडे एका चौकोनी चित्रावर सपाट पसरतो. याला यूव्ही मॅप म्हणतात. कुठला त्रिकोण चित्राच्या कुठल्या भागातून रंग घेणार, याची ती नोंद असते. चित्राच्या बाजू 512 किंवा 1024 अशा, दोनच्या पटीत दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांत ठेवायच्या. मेडिव्हल टूची टेक्स्चर फाइल म्हणजे आतून डीडीएस या प्रकारची साधी चित्रफाइलच असते, फक्त तिच्या तोंडाशी 48 बाइटची एक जास्तीची पट्टी लावलेली असते. ती लावून देणारी छोटी साधनं मॉड करणाऱ्या, म्हणजे गेममध्ये आपले बदल घालणाऱ्या लोकांनी केव्हाच बनवून ठेवलीत, त्यामुळे त्याची काळजी नको.

खरं कसब लागतं ते जाळीला हाडांशी बांधताना. प्रत्येक बिंदूला सांगावं लागतं की तू कुठल्या हाडाचं किती ऐकायचं. याला वेटिंग म्हणतात. कोपराजवळचा बिंदू थोडं दंडाचं ऐकतो, थोडं पुढच्या हाताचं, म्हणून हात वाकला की कापड गोलाईत वळतं. तो फक्त दंडाला बांधला तर कोपर कागदाच्या घडीसारखं मोडतं.

आमचा घोटाळा झाला तो अंगरख्याच्या घेरात. आमच्या भागात देवळांच्या बाहेर वीरगळ उभे असतात, त्यांच्यावरचे वीर बघून पेहराव ठरवायचा असं आमचं ठरलं होतं. भाच्यानं कंबरेखाली वस्त्राचा छान घेर काढला आणि सगळा घेर कमरेच्या हाडाला बांधला. उभा राजा अगदी देखणा दिसला. घोड्यावर बसवला तर दोन्ही मांड्या घेर फोडून बाहेर आल्या. घेराचा डावा भाग डाव्या मांडीला, उजवा उजवीला आणि मधला कमरेला असं वाटून बांधायला त्याला दोन रविवार लागले. ब्लेंडर या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेटचे रंग दिसतात, लाल म्हणजे पूर्ण ऐकतो, निळा म्हणजे अजिबात नाही. तो लाल-निळा उतार हातानं रंगवत पोरगं दुकानाच्या कोपऱ्यात बसायचं आणि मी गिऱ्हाईकांच्या पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, छापायचो.

पहिलंच मॉडेल शून्यापासून बनवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गेममधलाच एखादा सरदार घ्यावा, त्याची हाडं आणि वेट तसेच ठेवावेत आणि डोकं, ढाल, वस्त्र एवढंच बदलावं. मूळ फाइली गेमच्या पॅक फाइलींमध्ये बांधलेल्या असतात. त्या सोडवायला कंपनीनंच अनपॅकर दिलेला आहे.

मूळ मॉडेल घेताना एक सापळा असतो. सैनिकांच्या तुकडीत सगळे चेहरे सारखे दिसू नयेत म्हणून एकाच मेशमध्ये तीन-चार डोकी, दोन-तीन ढाली ठेवलेल्या असतात आणि गेम त्यातलं एक-एक आपल्या मनानं उचलतो. सैनिकांसाठी हे उत्तम. पण राजासाठी तशीच फाइल वापरली तर आज कार्तवीर्याला आपण घडवलेला चेहरा मिळेल आणि उद्या भलताच. एका भूमिकेसाठी एकच पोरगं ठेवायचं, बाकीची डोकी काढून टाकायची.

नावांची साखळी

आता मुख्य गोष्ट. माझ्या दुकानात रोज एक तरी माणूस असा येतो की ज्याची पहाणी आणि आधार जुळत नाही. आपल्या सीमाभागात हे दुखणं घरोघरी आहे. घरात ज्ञानेश्वर म्हणतात. मराठी शाळेत दाखला घेतला तर इंग्रजीत नाव डी, एन, वाय असं सुरू होतं. तेच नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की जी, एन, ए असं सुरू होतं. माणूस एकच, जमीन त्याचीच, सही त्याचीच. तरी कॉम्प्युटर म्हणतो की हे दोघं वेगळे. कारण कॉम्प्युटर तोंडाकडे बघत नाही, अक्षरं जुळवतो.

गेमही नेमकं हेच करतो. लढाई सुरू होताना त्याला पात्राच्या ओळीत एक नाव दिसतं. ते नाव घेऊन तो मॉडेलांच्या नोंदवहीत जातो. तिथं त्या नावाखाली मेश फाइलींचे पत्ते असतात, त्या पत्त्यांवर जाऊन तो जाळी आणतो. मग टेक्स्चरचा पत्ता, मग सांगाड्याचं नाव. या साखळीत एक कडी जरी एका अक्षरानं चुकली, तरी पुढचं सगळं हरवतं.

मॉडेलांची ही नोंदवही म्हणजे बॅटल_मॉडेल्स.मॉडेलडीबी ही फाइल. गेमच्या डेटा फोल्डरमधल्या युनिट_मॉडेल्स या फोल्डरात ती असते. नोटपॅडमध्ये उघडते, पण तिचा स्वभाव फार कडक आहे. तिच्यात प्रत्येक नावाच्या आधी त्या नावात किती अक्षरं आहेत तो आकडा लिहावा लागतो. फाइलीची सुरुवातच बघा: 22, आणि मग 'सिरियलायझेशन' हा शब्द, दोन वेळा कोलन, आणि 'आर्काइव्ह'. रोमन लिपीत मोजलं तर 13 अधिक 2 अधिक 7, बरोबर 22. गेम आधी आकडा वाचतो, मग तेवढीच अक्षरं उचलतो, एक जास्त नाही की एक कमी नाही.

भाच्यानं आपली नोंद लिहिली. संध्याकाळी फोन: "मामा, गेम उघडंना झालाय. सगळं बरोबर लिवलंय की मी."

मी दुकान बंद करून त्याच्या घरी गेलो. फाइलीत लिहिलं होतं 9 आणि पुढं कार्तवीर्य, रोमन लिपीत. मी त्याला म्हटलं, एक-एक अक्षर बोट ठेवून मोज. के, ए, आर, टी, ए, व्ही, आय, आर, वाय, ए. दहा भरली. नऊ कुठून आली? आपण 'कार्तवीर्य' म्हणताना 'त' मधला 'अ' तोंडात धरून ठेवत नाही, पुढच्या अक्षरावर जातो. त्यानं मनातल्या मनात उच्चार करून मोजलं, त्यात टीनंतरचा ए गळाला, पण टाइप करताना पूर्ण स्पेलिंग केलं. मराठी तोंडाची सवय आणि रोमन लिपीचा हिशोब यांच्यामध्ये ते एक अक्षर सांडलं.

आता गेमच्या जागी उभं राहून बघा. त्यानं 9 वाचलं, नऊ अक्षरं उचलली, शेवटचा ए मागं राहिला. पुढं त्याला आकडा हवा होता, मॉडेलचा आकार किती पट. आकड्याच्या जागी ए सापडला. तिथून पुढची एकही नोंद त्याला कळेना, आणि तो बंद पडला. चूक आमच्या एका ओळीत होती, पण तिच्यामुळं गेममधल्या सगळ्याच सैनिकांची शरीरं गेली.

पत्त्यांनाही हाच नियम. युनिट_मॉडेल्स, तिरकी रेघ, कार्तवीर्य_लॉड0.मेश, हे रोमनमध्ये लिहिलं की 32 अक्षरं होतात. युनिट_मॉडेल्सची 11, तिरक्या रेघेचं 1, नावाची 10, _लॉड0 ची 5 आणि .मेश ची 5. खालची रेघ, टिंब, तिरकी रेघ सगळं मोजायचं. आम्ही आता बोटानं मोजत बसत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ती अक्षरं निवडली की खालच्या पट्टीत किती निवडली ते दिसतं, तोच आकडा टाकतो.

पहिल्या ओळीतच पुढं आणखी एक आकडा असतो, या वहीत एकूण किती नोंदी आहेत त्याचा. आपण एक नोंद वाढवली की तो एकानं वाढवायचा. वाढवला नाही तर गेम शेवटची नोंद वाचायच्या आधीच थांबतो, आणि आपण नोंद शेवटी घातली असेल तर ती त्याला दिसतच नाही.

नावानंतर मेशचे पत्ते येतात, बहुतेक वेळा चार. हे चार म्हणजे एकाच शरीराच्या चार प्रती, जवळून बघायची भरगच्च, लांबून बघायची हलकी. हजारो सैनिक मैदानात असताना लांबच्या सैनिकाची नखं रंगवत बसलं तर मशीन गळाठून जाईल. प्रत्येक पत्त्यापुढं एक आकडा असतो, उदाहरणार्थ 121, 1225, 2500, 6400. हे आकडे बघून भाचा चक्रावला होता. पण हे वर्ग आहेत: 11, 35, 50 आणि 80 यांचे. दोन बिंदूंमधलं अंतर काढायला शेवटी वर्गमूळ काढावं लागतं, ते काम वाचवायला थेट वर्गच साठवायचा, ही गेम बनवणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. दहावीचं पायथागोरसचं प्रमेय अभ्यासाच्या बाहेर असं कामाला आलेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. मी त्याला त्या दिवशी वहीत काढून दाखवलं. अजून जपून ठेवलंय त्यानं ते पान.

चांदीचा राजा

अक्षरं जुळली, गेम उघडला, लढाई सुरू झाली, आणि आमचा कार्तवीर्य नखशिखान्त चांदीचा! आकार बरोबर, हालचाल बरोबर, पण अंगावर रंगाचा थेंब नाही, नुसती लकाकी. मॉड करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे एकदा येतंच.

कारण असं आहे. नोंदवहीत टेक्स्चर हे राज्यागणिक लिहायचं असतं. एकच मेश, पण इंग्लंडसाठी एक रंग, फ्रान्ससाठी दुसरा. म्हणून आधी किती राज्यांसाठी टेक्स्चर देतोय तो आकडा, मग राज्याचं नाव, मग चित्राचा पत्ता, मग नॉर्मल मॅपचा पत्ता, म्हणजे कापडाच्या सुरकुत्या आणि धातूचे खळगे उजेडात खरे वाटायला लावणारं चित्र. पात्र ज्या राज्याचं आहे त्या राज्याची ओळ इथं नसेल तर गेम मेश दाखवतो, पण रंग कुठून आणायचा हे त्याला कळत नाही.

आम्ही तिथं रट्ट असं लिहिलं होतं. चुकलं ते इथंच. नवीन राज्य घालण्याऐवजी आम्ही गेममधल्या सिसिलीची जागा वापरली होती. पडद्यावर दिसणारं नाव बदलून रट्ट केलं, झेंडा बदलला, पण आतल्या फाइलींमध्ये ते राज्य अजून सिसिलीच आहे. गेमला पडद्यावरच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. तो आतलं नाव शोधतो. आम्ही 6 लिहून पुढं रोमनमध्ये सिसिली लिहिलं आणि राजाला रंग आला. हेच टेक्स्चरच्या खालच्या दुसऱ्या यादीतही करावं लागतं, जिथं ढाल, तलवार अशा अंगाला लावलेल्या वस्तूंचे रंग असतात. अंग रंगीत आणि ढाल चांदीची दिसली तर ही दुसरी यादी राहिली असं समजावं.

नोंदीच्या शेवटी सांगाडे येतात. पायी चालणाऱ्यासाठी वेगळा, घोडेस्वारासाठी वेगळा. सरदार लढाईत आपल्या अंगरक्षकांच्या तुकडीत असतो आणि ती तुकडी घोड्यावर असेल तर घोड्यासाठीचा सांगाडा दिलेलाच हवा. आम्ही गेममधल्याच एका घोडेस्वार सरदाराचा हा भाग जसाच्या तसा उचलून खाली चिकटवला. यात नवं काही करायला जाऊ नये.

यादीतली ती एक ओळ

एवढं झाल्यावर पात्राच्या ओळीकडे यायचं. ती असते डिस्क्र_स्ट्रॅट या टेक्स्ट फाइलीत. खेळ कुठल्या साली सुरू होतो, एक पाळी किती वर्षांची, कुठलं शहर कुणाचं आणि कोण कुठं उभं आहे, हे सगळं याच फाइलीत ठरतं. सुरुवातीचं साल आम्ही 1204 केलं. पात्राची ओळ फाइलीत रोमनमध्ये असते, वाचायला सोपी जावी म्हणून इथं देवनागरीत देतो:

कॅरेक्टर कार्तवीर्य, नेम्ड कॅरेक्टर, मेल, लीडर, एज 30, एक्स 212, वाय 96, पोर्ट्रेट कार्तवीर्य, बॅटल_मॉडेल कार्तवीर्य

शेवटचे दोन शब्द म्हणजे सगळ्या खटपटीचं फळ. 'बॅटल_मॉडेल' नंतरचं नाव नोंदवहीतल्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. ही सोय 2007 च्या 'किंग्डम्स' या पुरवणीबरोबर आली, त्यामुळे मॉड त्याच्यावर चालवावा. एक्स आणि वाय म्हणजे नकाशावरची जागा. ती जमिनीवर पडते ना, हे आधी बघावं. स्वल्पविराम विसरू नयेत.

'पोर्ट्रेट' नंतरचं नाव हे एका फोल्डरचं नाव असतं. यूआय फोल्डरात कस्टम_पोर्ट्रेट्स असतो, त्यात कार्तवीर्य नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात तीन टीजीए चित्रं ठेवायची: तरुणपणाचं, म्हातारपणाचं आणि मेल्यानंतरचं. राजा खेळता-खेळता म्हातारा होतो, म्हणून तीन.

पात्राचं नाव नावांच्या यादीतही हवं. डिस्क्र_नेम्स या फाइलीत त्या राज्याच्या नावांखाली कार्तवीर्य नसेल तर गेम ते पात्र मान्य करत नाही. मग टेक्स्ट फोल्डरातल्या नेम्स फाइलीत पडद्यावर कसं दिसायचं ते लिहायचं. तिच्या शेजारी स्ट्रिंग्ज.बिन असं शेपूट असलेली एक फाइल असते, ती जुन्या नावांची तयार प्रत असते. ती पुसली नाही तर नवीन नाव दिसत नाही. पुसली की गेम पुन्हा बनवून घेतो.

इथं भाच्यानं विचारलं, "पडद्यावर नाव मराठीत येईल काय?" मलाही मनापासून हवं होतं ते. पण या गेमच्या अक्षरांच्या साच्यांत देवनागरी नाही, त्यामुळे नाव रोमन लिपीतच दिसतं. वाईट वाटलं. मग एक वाट सापडली. अक्षर चालत नसलं तरी चित्र चालतं. राजाच्या चित्राच्या खालच्या पट्टीवर आम्ही 'कार्तवीर्य' देवनागरीत रंगवलं. त्याचा बैलहोंगलचा एक मित्र कन्नडमध्ये चांगलं लिहितो. रट्टांचे शिलालेख जुन्या कन्नडमधलेच, म्हणून झेंड्यावर त्यानं कन्नडमध्ये 'रट्ट' लिहिलं. चित्रात कुठलीही लिपी चालते.

मोठ्या नकाशावरची छोटी मूर्ती हा त्यामानानं लहान विषय आहे. तिच्यासाठी सीएएस नावाचा वेगळा फाइलप्रकार, डिस्क्र_मॉडेल_स्ट्रॅट ही वेगळी नोंदवही आणि डिस्क्र_कॅरेक्टर या फाइलीत राज्यागणिक ओळी, साध्या सेनापतीसाठी वेगळी, राजासाठी वेगळी. म्हणजे मूर्ती पदाला मिळते, माणसाला नाही. एकाच माणसाला वेगळी मूर्ती द्यायची असेल तर मॉड करणाऱ्यांनी बनवलेला इंजिन ओव्हरहॉल प्रोजेक्ट घ्यावा लागतो, तो लुआ या भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टनं हे काम करतो. आम्ही राजाची मूर्ती बदलली आणि तेवढ्यावर थांबलो.

बिघडलं तर

बिघडणारच. मॉडच्या सेटिंगच्या फाइलीत लॉग नावाचा भाग असतो, तिथं पातळी ट्रेस वर ठेवली की गेम प्रत्येक पाऊल एका लॉग फाइलीत लिहितो. बंद पडला की ती फाइल उघडून अगदी खाली जायचं. कुठल्या फाइलीच्या कितव्या ओळीवर अडलं ते बऱ्याचदा तिथंच लिहिलेलं असतं. फक्त मॉडेलडीबीच्या बाबतीत लॉग बहुधा गप्प राहतो, नुसता तुटतो. लॉग असा अर्ध्यात तुटलेला दिसला की आम्ही दुसरीकडे न शोधता थेट अक्षरांचे आकडे मोजायला बसतो.

एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच गेम उघडून बघायचा. उघडला तर त्या फोल्डराची प्रत बाजूला ठेवायची, नावात तारीख घालून. भाच्यानं एकदा सहा सरदारांच्या नोंदी एकदम घातल्या. गेम बंद पडला आणि सहांपैकी कुणाची चूक ते शोधायला आख्खी रात्र गेली. बदल डिस्क्र_स्ट्रॅटमध्ये असेल तर जुना सेव्ह केलेला खेळ चालवून काही उपयोग नाही. ती फाइल फक्त नवीन मोहीम सुरू करताना वाचली जाते. हे माहीत नसल्यामुळं आम्ही एकदा अख्खी संध्याकाळ बरोबर असलेली ओळ चुकीची समजून बदलत बसलो.

आणि दुसऱ्याचं मॉडेल उचलताना विचारायचं. नेटवर फुकट उतरवता येतं म्हणून ते आपलं होत नाही. कुणीतरी आपल्या भाच्यासारखंच रविवार घालवून त्या घेराला वेट दिलेले असतात. बहुतेक जण हो म्हणतात, फक्त नाव लिहा एवढंच सांगतात. आमच्या मॉडमध्ये घोड्याचं खोगीर असंच मागून घेतलेलं आहे आणि बनवणाऱ्याचं नाव पहिल्या पडद्यावर आहे.

गेल्या आठवड्यात सगळं जुळलं. दुकानात शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बसलो. मोहीम सुरू झाली, 1204 साल, खाली कार्तवीर्याचं देवनागरीतलं नाव असलेलं चित्र. लढाई सुरू केली. भाच्यानं माऊसचं चाक फिरवत कॅमेरा जवळ नेला. घोडा, अंगरख्याचा घेर, मांड्या आत, डोकं तेच एक. आणि डाव्या हातात ढाल, जिच्यावर त्यानं कमल बस्तीचं कमळ स्वतः बघून काढलं होतं.

कमळ उलटं होतं. देठाकडची बाजू वर, पाकळ्या खाली.

यालाही सरळ कारण आहे. काही सॉफ्टवेअर चित्राचा शून्य वरच्या कोपऱ्यापासून मोजतात, काही खालच्या. एकातून दुसऱ्यात नेताना चित्र उभं उलटं होतं. अंगरख्यावर ते कळलं नव्हतं, कारण ते टेक्स्चर त्यानं गेममधल्याच चित्रावर रंगवलं होतं. ढालीचं चित्र मात्र कोऱ्या कागदावरून नवीन केलेलं. मी म्हटलं, आता उशीर झालाय, उद्या कर. तो म्हणाला, "दोन मिनिटाचं काम हाय मामा, व्हर्टिकल फ्लिप करतो न् पुन्हा चढवतो," आणि त्यानं ढालीची फाइल उघडली.